मदत हवी आहे: ओळखीच्या शब्दांचीच इंग्रजी वाक्ये वाचताना अडखळायला का होते?

नमस्कार. इंग्रजी वाचन सुधारू पाहणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठी मी आकलनाचे प्रश्न तयार करत आहे. त्यात मला अशी वाक्ये घ्यायची आहेत, ज्यांत एकही शब्द कोशात पाहावा लागत नाही, व्याकरणही निर्दोष असते आणि तरीही पहिल्या वाचनात काहीच हाती लागत नाही. असे का होते, याबद्दल जाणकारांची मदत हवी आहे.

भाषा आणि मन यांचे अभ्यासक थॉमस बेव्हर यांनी १९७० मध्ये दिलेले 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल' हे वाक्य अनेकांना माहीत असेल. वाचक 'रेस्ड' हेच मुख्य क्रियापद धरतो, घोडा कोठाराजवळून धावत गेला असा अर्थ लावून मोकळा होतो आणि मग 'फेल' कुठे बसवायचे हे त्याला उमगत नाही. वास्तविक कोठाराजवळून पळवत नेलेला घोडा पडला, एवढेच ते वाक्य सांगते. इंग्रजीत बहुतेक क्रियापदांचे भूतकाळाचे आणि कर्मणी धातुसाधिताचे ('पळवलेला' अशा अर्थाचे) रूप एकच असते, हे याचे मूळ. 'रेस्ड'च्या जागी 'रिडन' घातले तर हा घोटाळा टळतो. मराठीत 'पळवला' आणि 'पळवलेला' ही रूपे वेगळी असल्यामुळे आपणच अडखळतो, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही इथेच थबकतात.

लिन फ्रेझियर आणि कीथ रेनर या अभ्यासकांनी १९८२ मध्ये वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या, तेव्हा आधी लावलेला अर्थ जिथे मोडतो त्या जागी नजर रेंगाळते, कधी मागेही जाते, असे दिसले. मन वाक्य संपायची वाट पाहत नाही, सर्वांत साधी रचना लगेच धरून चालते, ही त्यांची मांडणी मला पटते. मात्र 'द एव्हिडन्स एक्झॅमिन्ड बाय द लॉयर' अशी सुरुवात 'द डिफेंडंट एक्झॅमिन्ड बाय द लॉयर'पेक्षा सोपी जाते, असे १९९४ मधील एका अभ्यासात आढळले, कारण पुरावा स्वतः काही तपासू शकत नाही, आरोपी मात्र तपासू शकतो. मग वाचक रचना आधी धरतो की अर्थ?

दुसरी शंका 'द रॅट द कॅट द डॉग चेस्ड किल्ड एट द मॉल्ट' या वाक्याची. कुत्र्याने पाठलाग केलेल्या मांजराने मारलेल्या उंदराने माल्ट (मोड आणलेले धान्य) खाल्ले, असा त्याचा अर्थ. इथे कोणत्याही शब्दाच्या दुहेरी रूपामुळे दिशाभूल होत नाही, तरी ते पार गुंतागुंतीचे वाटते. ही अडचण घोड्याच्या वाक्यासारखीच समजावी का? आणि विद्यार्थ्याला वाक्य खरोखर कळले की नाही, हे प्रश्नातून कसे ओळखावे?

प्रतिसाद

दोन्ही अडचणी वेगळ्या आहेत, त्यामुळे एकाच प्रश्नसंचात त्या मिसळू नका. घोड्याच्या वाक्यात वाचक चुकीची वाट धरतो आणि त्याला परतावे लागते. उंदराच्या वाक्यात वाट चुकत नाही, ओझे वाढते: तीन नामे आपापल्या क्रियापदांची वाट पाहत स्मरणात ताटकळतात आणि क्रियापदे उलट्या क्रमाने येतात. सर्वांत आतल्या 'द डॉग'ऐवजी 'आय' घातले तर तेच वाक्य थोडे हलके होते.

रचना आधी की अर्थ, यावर अभ्यासकांचे एकमत नाही; विद्यार्थ्यांसमोर त्या वादात शिरण्याची गरज मला दिसत नाही.

शेवटचा प्रश्न मात्र फार महत्त्वाचा आहे. 'व्हाइल ॲना ड्रेस्ड द बेबी स्पिट अप ऑन द बेड' या धर्तीच्या वाक्यांवर २००१ मध्ये झालेल्या प्रयोगांत, बाळ ओकले हे बरोबर सांगणारे अनेक वाचक ॲनाने बाळाला कपडे घातले असेही सांगत होते. वाक्यानुसार ती स्वतः कपडे घालत होती. पहिला अर्थ मोडला तरी तो मनातून जात नाही, म्हणून सारांश विचारू नका. त्या चुकीच्या अर्थावरच थेट होय-नाही स्वरूपाचा प्रश्न विचारा, आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला तेच वाक्य 'ड्रेस्ड'नंतर स्वल्पविराम देऊन द्या.

रचून तयार केलेल्या वाक्यांबरोबर बातम्यांचे मथळेही घ्या, कारण जागा वाचवण्यासाठी त्यांत 'द' आणि 'इज' गाळलेले असतात. 'व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जाल क्रॅश ब्लॉसम्स' हा २००९ मधील मथळा याच सापळ्याचा आहे ('जाल' म्हणजे जपान एअरलाइन्स). विमान अपघाताशी जिचे नाव जोडले गेले होते ती व्हायोलिनवादक बहरते आहे, असा त्याचा अर्थ. पण घाईत वाचणाऱ्याला 'क्रॅश ब्लॉसम्स' नावाची कसली तरी फुले दिसतात.