शब्दचर्चा: ‘सार्वकालिक महान’ योकिच, की ‘आजवरचा’?

वेलांटी:
एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या एका खेळाडूबद्दलचं वाक्य असं आहे: ‘तीनदा एमव्हीपी ठरलेला जोकिक हा सर्वकालिक महान खेळाडूंमध्ये सर्वश्रेष्ठ सेंटर असून पहिल्या दहांत त्याचा क्रमांक लागतो.’ (एमव्हीपी हा दर हंगामात मतदानाने एका खेळाडूला मिळणारा किताब, सेंटर म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, सहसा संघातला सर्वांत उंच खेळाडू.) खटकतंय, पण नेमकं कुठे? सर्वकालिक, सार्वकालिक की सर्वकालीन? महान आणि श्रेष्ठ दोन्ही हवेत का? आणि खेळ नीट पाहणाऱ्यांनी सांगावं, हा माणूस खरंच पहिल्या दहांत बसतो का? शब्द त्यावर ठरेल.

कानामात्रा:
व्याकरण आधी उरकू. ‘काल’च्या शब्दांना ‘इक’ लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते. तत्कालचं तात्कालिक, तसं सर्वकालचं सार्वकालिक. ‘ईन’ लागला की वृद्धी नाही: तत्कालीन, समकालीन, म्हणून सर्वकालीन. हे दोन्ही चालतील. ‘सर्वकालिक’ आणि ‘सार्वकालीन’ ही मात्र एकाचं डोकं नि दुसऱ्याचं धड.

‘श्रेष्ठ’मधला ‘इष्ठ’ हाच तमभाव दाखवतो, ज्येष्ठ-कनिष्ठसारखा, त्यामुळे ‘सर्वश्रेष्ठ’ ही द्विरुक्ती, असं सांगणारे भेटतील. त्यांना सांगावं की शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ आहे. खोड जुनी आहे. शिवाय मराठीत ‘श्रेष्ठ’ इतका झिजलाय की श्रेष्ठ गायक एका वेळी पंधरा असू शकतात. तेव्हा ‘सर्वांत श्रेष्ठ’ म्हणायला हरकत नाही.

आणि ते नाव आधी सुधारा. सर्बियन लिपीतला जे हा य, आणि शेवटचा सी डोक्यावर रेघ घेऊन आला की च. योकिच. ‘जोकोविच’ आपण बरोबर लिहितो, कारण तिथे सुरुवातीचं अक्षरच वेगळं, पोटात आडवी रेघ असलेला डी, उच्चार ज. एकाला विच आणि दुसऱ्याला किक, हा न्याय नव्हे.

रिबाउंडर:
नावाबद्दल टाळ्या. आता मुद्द्याचं. ‘सार्वकालिक’ शुद्ध असेल, पण इथे अर्थाने चुकतो. सार्वकालिक सत्य म्हणजे काल होतं, आज आहे आणि उद्याही राहील असं. खेळाडूंची यादी करताना आपण फक्त मागे पाहतो. एनबीएचा पहिला हंगाम १९४६-४७चा, तिथून आजपर्यंत, बस. त्याला मराठीत सरळ शब्द आहे: आजवरचा. ‘आजवरच्या श्रेष्ठ सेंटरांपैकी एक’ असं लिहिलं की वाक्याने उद्याची हमी घेतलेली नसते. ‘न भूतो न भविष्यति’चंही तेच दुखणं. पहिला अर्धा भाग आकडेवारी तपासून सांगता येतो, दुसऱ्या अर्ध्याला पुरावा कुठला आणायचा?

योकिचचं उदाहरण घ्या. ७ मार्च २०२५, फीनिक्स सन्सविरुद्ध ज्यादा वेळेत गेलेला सामना. ३१ गुण, २१ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू), २२ असिस्ट (ज्यावर लगेच गुण होतात असा पास). एकाच सामन्यात गुण तिशीपार आणि बाकी दोन्ही विशीपार, हे एनबीएत त्याआधी कुणीच केलं नव्हतं. बातम्यांत याला ‘विक्रमी उच्चांक’ म्हणतील. उच्चांक यातला एकही नाही. गुणांचा उच्चांक विल्ट चेंबरलेनचा १००, रिबाउंडचाही त्याचाच ५५, असिस्टचा स्कॉट स्काइल्सचा ३०. योकिचचे तिन्ही आकडे त्यांच्या जवळपासही नाहीत. अपूर्व आहे ती त्या तिन्हींची एकत्र भेट. अपूर्व म्हणजे पूर्वी न झालेलं, तंतोतंत तेवढंच. आपण तो शब्द ‘फार सुंदर’ या अर्थाने खर्चून टाकला, नाहीतर इथे तोच हवा होता.

वेलांटी:
म्हणजे ‘आजवरचा’ पक्का. ‘महान’ की ‘श्रेष्ठ’?

पाचवा फाउल:
गोट म्हणा की, ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’. सगळे तेच म्हणतात.

कानामात्रा:
मराठीत गोट म्हणजे छावणी. ‘योकिचच्या गोटात’ म्हटलं तर त्याच्या डेन्व्हर संघाची ड्रेसिंग रूम डोळ्यांपुढे येईल. इंग्रजीत गोट म्हणजे बोकड, आणि अमेरिकी खेळांत तरी हा बोकड कुठे पहिल्यापासून मानाचा होता? ज्याच्या चुकीने सामना हरला त्यालाच आधी गोट म्हणत, आपल्या बळीच्या बकऱ्यासारखं. आद्याक्षरांचा खेळ नंतर आला आणि शिवीचा किताब झाला.

जुना स्कोअरर:
महान आणि श्रेष्ठ यांत माझ्या मते फरक असा. महान एकटा उभा राहतो, त्याला कुणाशी ताडून पाहावं लागत नाही. श्रेष्ठ म्हटलं की ‘कुणाहून?’ हा प्रश्न दारात उभा. यादी करायची असेल तर तुलनेचेच शब्द घ्या, आणि ते मराठीत मुबलक आहेत. फक्त प्रत्येकाची अट वेगळी.

‘वरचढ’ला समोरासमोर गाठ लागते. योकिच अमक्याला वरचढ ठरला, हे त्या सामन्यापुरतं लिहा. विल्ट १९७३मध्ये थांबला, योकिच १९९५मध्ये जन्मला. या दोघांत वरचढ कोण, हे वाक्यच होत नाही. ‘तुल्यबळ’चंही तसंच, तोही मैदानातला शब्द.

‘सरस’ला गाठ लागत नाही, पण निकष लागतो. कशात सरस? पास देण्यात योकिच कुठल्याही सेंटरपेक्षा सरस, हे मी डोळे झाकून लिहीन. विल्टने १९६७-६८मध्ये लीगमध्ये सर्वाधिक, ७०२ असिस्ट केले होते, तरीही लिहीन. बचावात सरस? अजिबात नाही. तिथे हकीम ओलाजुवॉनचे ३,८३० ब्लॉक (अडवलेले शॉट) आहेत. आणि बिल रसेलचे किती, हे कधीच कळणार नाही, कारण ब्लॉक आणि स्टील (हिसकावलेले चेंडू) यांची नोंद १९७३-७४पासून सुरू झाली. रसेल १९६९ला निवृत्त. ‘नोंद नाही’ आणि ‘केले नाहीत’ यांतला फरक विसरला की निम्म्या याद्या तिथेच बिघडतात.

‘उजवा’ला निकषही लागत नाही. एकूण गोळाबेरीज करून दिलेला निकाल म्हणजे उजवा. म्हणून तो सगळ्यात जोखमीचा. (रसेल डावखुरा होता. त्याच्यापेक्षा कुणाला उजवा म्हणताना पेन जरा अडखळतं.)

रिबाउंडर:
उजव्यावरून आठवलं, योकिचच्या त्या तिरप्या शॉटला त्याच्या गावावरून ‘सोंबोर शफल’ नाव पडलंय. उजव्या हाताने शॉट मारणारा माणूस एका पायावर उडतो तेव्हा सहसा डाव्या पायावर उडतो आणि उजवा गुडघा वर घेतो. लेअपही (धावत जाऊन बास्केटजवळून टाकलेला चेंडू) तसाच, डर्क नोवित्स्कीचा मागे झुकून मारलेला शॉटही तसाच. बचाव करणाऱ्याच्या अंगात ती लय मुरलेली असते. योकिच उजव्या पायावर रेलत मागे जातो आणि उजव्याच हाताने चेंडू सोडतो. त्यामुळे समोरच्याची उडी अर्ध्या ठोक्याने चुकते. उंच उडी लागत नाही, वेग लागत नाही. ‘बेढब’ म्हणतात लोक. मी ‘आडवळणी’ म्हणेन.

वेलांटी:
आडवळणी उचलला. आता स्थान सांगा. दहांत की नाही?

जुना स्कोअरर:
आधी काय मोजताय ते ठरवा. यादी बिघडते ती तीन ठिकाणी.

एक, अंगठ्या, म्हणजे विजेत्या संघाच्या खेळाडूंना मिळतात त्या. नुसती विजेतेपदं मोजली तर रॉबर्ट हॉरी ७, मायकेल जॉर्डन ६. झाला निकाल? विजेतेपद संघाचं असतं. रसेलची ११ आहेत, पण त्या लीगमध्ये बराच काळ ८-९ संघ होते, आज ३० आहेत. त्याने ११ची किंमत शून्य होत नाही, पण ११ला योकिचच्या १ने भागून उत्तरही निघत नाही.

दोन, वेगवेगळ्या काळांतले आकडे शेजारी ठेवणं. विल्टचा १९६१-६२चा हंगाम: सरासरी ५०.४ गुण, २५.७ रिबाउंड. सामन्याला सरासरी ४८.५ मिनिटं खेळला. सामना ४८ मिनिटांचा असतो, वरचं अर्धं ज्यादा वेळेतलं. तेव्हा खेळ फार वेगात चाले, शॉट जास्त घेतले जात आणि जास्त चुकत. चुकलेला प्रत्येक शॉट हा कुणाचा तरी रिबाउंड. त्यामुळे त्या काळचे २५ रिबाउंड म्हणजे आजचे २५ नव्हेत. तीन गुणांची रेघही एनबीएत १९७९-८०ला आली.

तीन, भर आणि कारकीर्द यांची गल्लत. या दोन शब्दांवर जरा थांबा, कारण योकिचचा सगळा वाद इथेच आहे. ‘ऐन भरातला’ खेळाडू म्हणजे त्याचे सर्वांत चांगले चार-सहा हंगाम. ‘कारकीर्द’ म्हणजे पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंतचा सगळा हिशेब. ‘उमेदीचा काळ’ लिहू नका, उमेद विशीतली असते. योकिच २०१४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, ४१वा निवडला गेला, दुसऱ्या फेरीत. त्याचा भर आला पंचविशीनंतर.

रिबाउंडर:
भराचा हिशेब मी देतो, २०२४-२५ संपेपर्यंतचा. एमव्हीपी २०२१, २०२२, २०२४. २०२१-२२मध्ये एकाच हंगामात २,००० गुण, १,००० रिबाउंड आणि ५०० असिस्ट, हे करणारा पहिला. २०२३चं विजेतेपद, डेन्व्हरचं पहिलंवहिलं, आणि अंतिम मालिकेचा एमव्हीपी. त्या प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) २० सामन्यांत ६०० गुण, २६९ रिबाउंड, १९० असिस्ट. तिन्ही रकान्यांत एकूण बेरजेत एकच माणूस पहिला, हेही अपूर्वच. २०२४-२५मध्ये सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट. पूर्ण हंगाम ट्रिपल-डबलची सरासरी राखणारा ऑस्कर रॉबर्टसन आणि रसेल वेस्टब्रूक यांच्यानंतरचा तिसरा, आणि सेंटर म्हणून पहिला. त्या वर्षी एमव्हीपी मात्र शे गिलजस-अलेक्झांडरला मिळाला, पहिल्या पसंतीची मतं ७१ विरुद्ध २९.

कानामात्रा:
मध्येच शिरतो. ‘तिहेरी दुहेरी’ असं कुणी करू नये. दुहेरी म्हणजे दोनपदरी. इथे अर्थ आहे तीन रकान्यांत दोन आकडी संख्या. ट्रिपल-डबलच राहू द्या. आणि एमव्हीपी उलगडून लिहायचा तर ‘सर्वांत मोलाचा खेळाडू’. ‘मौल्यवान’ हा हिऱ्या-माणकांचा शब्द, शिवाय संस्कृतातलं रूप मूल्यवान. मोलाची मदत, मोलाचा सल्ला, तसा मोलाचा खेळाडू. त्यात आणखी एक सोय: मोलाचा म्हणजे श्रेष्ठ असेलच असं नाही, आणि मतदानातही नेमका तोच घोळ असतो.

पाचवा फाउल:
इतकं सगळं करून अंगठी एकच. २०२४ला मिनेसोटाविरुद्ध घरच्या मैदानावर मालिकेच्या शेवटच्या, सातव्या सामन्यात २० गुणांची आघाडी घालवून ९८-९० हरले. २०२५ला ओक्लाहोमा सिटीविरुद्ध पुन्हा सातव्या सामन्यात बाहेर, तेही ३२ गुणांनी. हे कुठल्या रकान्यात घालणार?

जुना स्कोअरर:
घालायलाच हवं. म्हणूनच माझी तुलना मोझेस मलोनशी. तीन एमव्हीपी, एक विजेतेपद, एक अंतिम मालिकेचा एमव्हीपी. दोघांचं बक्षिसांचं कपाट हुबेहूब सारखं. खेळ मात्र दोन टोकांचे. मलोन स्वतःच्याच संघाचे चुकलेले शॉट पुन्हा पुन्हा ओढून घेई, पण एनबीएतले असिस्ट सामन्याला दीडच्या आत. मलोनला पहिल्या दहांत क्वचितच कुणी धरतं. कपाटच बोलणार असेल तर योकिचलाही धरता येत नाही. भर मोजणार असाल तर येतो.

आणि करीम अब्दुल-जब्बार पाहा: २० हंगाम, ६ एमव्हीपी, ६ विजेतेपदं, ३८,३८७ गुण. लेब्रॉन जेम्सने तो आकडा ओलांडला तो २०२३मध्ये; सर्वाधिक गुणांचा मान तोवर ३८ वर्षं आणि काही महिने करीमकडेच होता. कारकिर्दीच्या तराजूत योकिच अजून करीमच्या बरोबरीचा नाही. पण ‘पासंगालाही पुरत नाही’ असं मात्र लिहू नका. पासंग म्हणजे तराजूची पारडी समतोल करायला बांधलेला किरकोळ तुकडा. योकिच त्यापेक्षा बराच जड आहे.

वेलांटी:
मग ‘क्रमांक’ सोडून ‘उतरंडीत वरचं स्थान’ म्हणू का?

कानामात्रा:
उतरंडीत सगळ्यात मोठं मडकं तळाशी असतं हो. वर लोटकी. अर्थ रूढ झालाय, पण इथे हसं होईल. शिवाय उतरंडीतलं एक मडकं काढून मध्ये दुसरं घालता येत नाही, सगळी उतरंड कोसळते. क्रीडायादीत तर दर जूनला, हंगाम संपला की, तेच करायचं असतं.

रिबाउंडर:
‘पंगत’ घ्या. पंगतीत मानाची जागा असते, पण आठवा की नववा असा नंबर पाटावर लिहिलेला नसतो. माझ्या मते पहिली पंगत जॉर्डन, लेब्रॉन, करीम, रसेल यांची. तीत योकिच नाही. दुसऱ्या पंगतीत मॅजिक, बर्ड, विल्ट, डंकन, शकील, हकीम. भराचा विचार केला तर योकिचचा पाट इथे मांडलेला आहे, कारकीर्द म्हणाल तर तो अजून हात धुऊन येतोय. एनबीएच्या पंचाहत्तरीनिमित्त २०२१च्या ऑक्टोबरात ७६ जणांची यादी निघाली (शेवटच्या जागेला मतं सारखी पडली म्हणून एक वाढला), तीत त्याचं नावच नव्हतं. तेव्हा गाठीला एक एमव्हीपी होता. चार वर्षांत माणूस यादीबाहेरून दुसऱ्या पंगतीपर्यंत आला.

वेलांटी:
वाक्य असं केलं: ‘तीनदा एमव्हीपी ठरलेला निकोला योकिच ऐन भरातल्या खेळाच्या निकषावर आजवरच्या श्रेष्ठ सेंटरांच्या पंगतीत बसतो, पास देण्यात तो त्या सर्वांहून सरस आहे.’ क्रमांक काढून टाकला.

कानामात्रा:
‘सर्वांहून’ छान. ‘पेक्षा’ही चाललं असतं. माझ्याकडून पास.

पाचवा फाउल:
‘बसतो’च्या आधी ‘तूर्त’ घाला. अजून खेळतोय तो.