डेबियनने खरंच इमान विकलं का?

रूटकंद
आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर काल डेबियनबद्दल (स्वयंसेवकांनी मिळून बनवलेली मुक्त लिनक्स प्रणाली) एक पोस्ट फिरत आली. "डेबियनने २०२२ साली इमान विकलं. इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर घुसवलं. आता तिच्यात आणि उबंटूत फरक तो काय राहिला?" (फर्मवेअर म्हणजे वायफाय, साउंड अशा चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर; बंद म्हणजे ज्याचा सोर्स कोड मिळत नाही. उबंटू ही डेबियनवरूनच एका कंपनीने केलेली प्रणाली.) खाली अंगठ्यांची रांग. उत्तर द्यायला गेलो तर ॲडमिनने कॉमेंट बंद केलेल्या, म्हणून इथे पाल्हाळ लावतोय.

या गृहस्थांनी बुलसआयपर्यंतचे (डेबियन ११) दिवस पाहिलेले दिसत नाहीत. अधिकृत इमेज (इन्स्टॉलरची फाइल) लावायची, आणि थोडं पुढे गेलं की सूचना यायची: तुमच्या हार्डवेअरला अमुक फाइल हवी, पेनड्राइव्ह किंवा फ्लॉपीवरून द्या. फ्लॉपी! लॅपटॉपला इथरनेटचं भोक नाही, त्या फाइलशिवाय वायफाय नाही, आणि फाइल उतरवायची तर नेट हवं. जाणकार मंडळी मुकाट्याने 'अनधिकृत' इमेज घ्यायची. ती बनवायचं कोण? डेबियनचेच लोक, ठेवायची डेबियनच्याच सर्व्हरवर, फक्त नवख्याला सापडू नये अशा कोपऱ्यात. पुढच्या दाराला सोवळं आणि मागचं दार सताड उघडं. याला इमान म्हणायचं असेल तर गेलं ते बरं झालं.

आणि फर्मवेअर अधिकृत इमेजमध्ये घ्यायचं हे २०२२ मध्ये कुणा मालकाच्या फर्मानाने ठरलेलं नाही. हजारेक डेव्हलपरांना मताचा हक्क होता, पर्याय पसंतीक्रमाने लावायचे होते, सामाजिक करार (डेबियनने वापरणाऱ्यांना दिलेली लेखी वचनं) बदलणाऱ्या पर्यायाला तीनास एक बहुमत लागत होतं. तरी तोच जिंकला. पाचव्या कलमात एक वाक्य वाढलं: जे फर्मवेअर एरवी डेबियनचा भाग नाही, ते अधिकृत इमेजमध्ये असू शकतं. चोरून काही केलेलं नाही.

सोवळेकरी
ती पोस्ट माझी नाही, पण असती तर लाज वाटली नसती. बहुमताने घेतला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. आमच्या सोसायटीने बहुमतानेच गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवला.

१९९७ च्या कराराचं पहिलंच कलम काय होतं? डेबियन शंभर टक्के मुक्त (कुणीही वाचावं, बदलावं, वाटावं असं) राहील. आता इन्स्टॉलर हार्डवेअर हुंगतो आणि न विचारता ब्लॉब (बंद फर्मवेअरच्या फाइली) बसवतो. पूर्वी तो अडवायचा, आणि त्या अडवण्यातच दम होता. माणूस वैतागून का होईना, कार्ड बघून घ्यायचा. मी लॅमिंग्टन रोडवर अख्खी दुपार घालवून एआर९२७१ चिपचं डोंगल शोधलंय, कारण तिचं फर्मवेअर मुक्त आहे. दुकानदार म्हणत होता, "साहेब, चिप कसली बघता, रेंज बघा." ते डोंगल आजही चालतंय.

रूटकंद
दुपार आणि लॅमिंग्टन रोड दोन्ही हाताशी असलेल्यांचं ठीक आहे हो. गडहिंग्लजच्या पोराने काय करायचं? आणि "न विचारता" हे अर्धसत्य. बूटच्या ओळीत 'फर्मवेअर इज इक्वल टू नेव्हर' लिहा, एक ब्लॉब बसणार नाही.

ते डोंगल ज्या प्रोसेसरवर चालतंय, त्याच्या पोटातला मायक्रोकोड (प्रोसेसरचं स्वतःचं फर्मवेअर) मुक्त आहे का? २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर हे प्रोसेसरमधलं सुरक्षेचं भगदाड उघडकीला आलं, तेव्हा इंटेलचा दुरुस्त मायक्रोकोड नॉन-फ्रीमध्येच (मुक्त नसलेल्या गोष्टींच्या वेगळ्या विभागात) होता. म्हणजे कारखान्यातून आलेला सदोष ब्लॉब पवित्र, आणि त्याची दुरुस्ती तेवढी विटाळ?

पीआयडी_एक
तुम्ही दोघंही फांद्या मोजताय. इमान २०१४ लाच विकलं. तांत्रिक समितीत चार-चार मतं, अध्यक्षाच्या निर्णायक मताने सिस्टमडी ही इनिट (मशीन सुरू होताच बाकी सगळं चालू करणारा पहिला प्रोग्राम) आपल्या डोक्यावर. ज्या प्रकल्पाला साधी इनिट निवडता येत नाही, तो फर्मवेअरवर तत्त्वं सांगणार! मी डेव्हुआनवर (सिस्टमडी वगळलेल्या डेबियनवर) सुखी आहे.

रूटकंद
आले काका. चहाच्या पाककृतीच्या धाग्यावरही हेच लिहाल.

पीआयडी_एक
चहाला तरी, सिस्टमडीसारखी, चहा उकळण्यापलीकडे कामं दिलेली नाहीत.

लॅबवाल्या_बाई
फर्मवेअरवरून भांडा खुशाल, माझं दुखणं वेगळं आहे. मी सी शिकवते. लॅबमध्ये तीस मशीन, सगळ्यांवर डेबियन १२. पहिल्याच तासाला ऐटीत सांगितलं, मला विचारण्याआधी 'मॅन जीसीसी' (सी कंपायलरचं मॅन्युअल दाखवणारी कमांड) वाचायचं. तीसही पडद्यांवर एकच ओळ: 'नो मॅन्युअल एन्ट्री फॉर जीसीसी'. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आता विचारू का?"

कारण शोधलं तर हसावं की रडावं कळेना. त्या मॅन्युअलच्या ग्नू परवान्यात (कागदपत्रांसाठीच्या मुक्त परवान्यात) काही भाग बदलायला मनाई आहे. डेबियनच्या २००६ च्या मतदानात ठरलं, असे भाग असलेलं कागदपत्र मुक्त नाही. म्हणून मॅन्युअल नॉन-फ्रीमध्ये. आणि इन्स्टॉलर आपोआप चालू करतो तो विभाग फक्त नॉन-फ्री-फर्मवेअरचा! म्हणजे ज्याचं एक अक्षर कुणाला वाचता येत नाही ते घरात, आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या स्टॉलमनच्या संस्थेचं, अक्षर न अक्षर वाचता येणारं पुस्तक उंबऱ्याबाहेर.

सोवळेकरी
बाई, तोच तर डेबियनचा कणा. माणूस कोण ते बघत नाहीत, परवाना वाचतात. जेसॉनच्या (डेटा लिहायच्या एका पद्धतीच्या) कोडच्या मूळ परवान्यात "चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको" एवढंच जादा होतं, तरी बाहेर काढलं. वापरावर अट म्हणजे अट. स्टॉलमनला वेगळा न्याय का?

तुमच्या अडचणीला सोर्सेसच्या फाइलमध्ये (कोणत्या विभागांतून सॉफ्टवेअर घ्यायचं त्या यादीत) एक-दोन शब्द पुरतात. दोन मिनिटांचं काम.

लॅबवाल्या_बाई
दोन मिनिटं गुणिले तीस, ते सोडा. आमच्या सिस्टम ॲडमिनकडे नियमावली आहे: लॅबमध्ये फक्त मुक्त सॉफ्टवेअर. 'नॉन-फ्री' हा शब्द पाहिला आणि त्याने हात वर केले. मी म्हटलं, अरे, पुस्तक आहे ते! तर म्हणतो, विभागाचं नाव वाचा मॅडम. त्याच मशीनवर वायफायचा ब्लॉब बसलेला आहे, तो त्याला चालतो, कारण "तो इन्स्टॉलरने बसवला".

आणि एक विचारते. तुम्ही कधी वर्गासमोर उभे राहिलात का हो? कणा-बिणा तिथे कळतो.

सोवळेकरी
वैयक्तिक होऊ नका. वीस वर्षं पगार न घेता लोकांच्या मशीनवर डेबियन बसवून देतोय, तेही उभं राहूनच.

रूटकंद
बाईंचा मुद्दा मला लागला, नाइलाजाने कबूल करतो. फर्मवेअरसाठी वेगळा कप्पा काढता येतो, तर मॅन्युअलसाठी का नाही? मी वर जे "चोरून काही केलेलं नाही" म्हणून मिरवलं, ते फर्मवेअरपुरतंच निघालं.

सोवळेकरी
काढा की प्रस्ताव. डेव्हलपर आहात? नाही ना? मीही नाही. मग आपण सगळे बांधावरचे पंच.

तिन्हीसांजा
मी इथे वाचतच असते, आज लिहिते. माझा भाऊ पूर्ण अंध आहे. बूटच्या पडद्यावर 'एस' दाबून एंटर केलं की डेबियनचा इन्स्टॉलर बोलायला लागतो, हे त्याला पाठ. २०२१ मध्ये नवा लॅपटॉप घेतला. एस, एंटर, शांतता. पुन्हा एस, एंटर. त्याला वाटलं, कळ चुकतेय. कानाशी लॅपटॉप धरून बसला होता. साउंडच्या चिपला फर्मवेअर हवं होतं आणि ते इमेजमध्ये नव्हतं. सूचना पडद्यावर आली असेल, पण ती वाचणार कोण? शेवटी शेजारच्या मुलाने डोळे उसने दिले. बुकवर्म (डेबियन १२, फर्मवेअरसकट) आल्यावर त्याच लॅपटॉपवर मुद्दाम पहिल्यापासून बसवलं, एकट्याने. मी स्वयंपाकघरातून ते रोबोटी इंग्रजी ऐकत होते.

सोवळेकरी
यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या पोस्टवाल्याकडेही नसावं. तरी इन्स्टॉलरने इतरांना एकदा विचारावं, एवढं म्हणणं मी सोडणार नाही.

पीआयडी_एक
भावाच्या मशीनवर इनिट कोणती?

तिन्हीसांजा
विचारलं. म्हणतो, "बोलणारी."

लॅबवाल्या_बाई
आज ॲडमिनला हा धागा दाखवला. त्याने शांतपणे वाचला आणि तोडगा काढला: मॅन्युअल छापून बाइंडिंग करून लॅबमध्ये ठेवा, छापील पुस्तकाला नियमावली लागत नाही. आठशेच्या वर पानं आहेत. झेरॉक्सवाल्याकडे दर विचारायला चाललेय.