फ्रँकलिनचा बर्फ पॉलिस्टरचा कशाला?

शिडाचं_कापड

आर्क्टिक मोहिमांवरच्या वस्त्रचित्रांत बर्फ करायची एक ठरावीक रीत झाली आहे. पांढरा पॉलिस्टर ऑर्गंझा (पातळ, कडक, पारदर्शक कापड) घ्यायचा, हीट गननं, म्हणजे गरम हवेच्या झोतानं, चुरगळवायचा, खाली निळी छटा द्यायची आणि कोपऱ्यात एक तीन डोलकाठ्यांचं जहाज टाकायचं. माझा याला ठाम विरोध आहे.

जॉन फ्रँकलिन यांच्या आर्क्टिक मोहिमेची 'इरेबस' आणि 'टेरर' ही जहाजं 1845 मध्ये इंग्लंडहून निघाली, 12 सप्टेंबर 1846 ला कॅनडाच्या उत्तरेकडच्या किंग विल्यम बेटाजवळ बर्फात अडकली आणि 22 एप्रिल 1848 ला खलाशांनी ती सोडून दिली. 129 माणसांपैकी एकही परतला नाही. त्या जहाजांवर जिकडे बघाल तिकडे कापडच होतं: जवसाच्या धाग्याची शिडं, लोकरीचे कपडे, कांबळी. पुढे त्यांच्या शोधात निघालेल्यांच्या घसरगाड्यांवर रेशमी निशाणं होती, टोकाला दुभंगलेली, भरतकाम केलेली. त्यातली काही ग्रिनिचच्या संग्रहालयात आहेत. या विषयाचं कापड विषयातच पडलेलं असताना प्लास्टिक वितळवायचं कारण काय?

90 × 150 सेंमीच्या तुकड्यासाठी माझी मांडणी सांगतो. चौरस मीटरला साधारण 400 ग्रॅम वजनाचं जाड लिनन कॅनव्हास, त्याच्या 15 सेंमी रुंदीच्या 7 उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी शेजारणीवर 2 सेंमी चढवलेली. एकूण रुंदी 93 भरते, दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी दुमडायला उरतं. शिडाची सपाट शिवण म्हणजे वरच्या पट्टीची कड खालच्या कापडाला तिरप्या टाक्यांनी बसवायची, मग कापड उलटून दुसरी कड तशीच. इंचाला साधारण 3 टाके, दोरा दुहेरी आणि मेण लावलेला. टाके जवळजवळ घातले की कॅनव्हास भोकांच्या ओळीवर फाटतं, तिथे 'जास्त मजबूत' करायला जाऊ नये.

हमखास चूक होते ती कडांची. मूळ शिडाच्या पट्ट्यांना विणलेला काठ असायचा, म्हणून कड दुमडावी लागत नसे. आपण थानातून कापलेल्या पट्टीला काठ नसतो. म्हणून पट्टी 17 सेंमीची कापायची, दोन्हीकडे 1-1 सेंमी मोडून इस्त्री करायची आणि मगच जोडायची. नाहीतर महिन्याभरात धागे लोंबतात.

वितळबिंदू

मग जहाजाच्या चित्राला ओकच्याच फळ्या हव्यात, असंही म्हणायचं का?

मुळात बर्फ पांढरा नसतो. त्यात हवेचे बुडबुडे असतात म्हणून तो पांढरा दिसतो. बुडबुडे निघून गेलेल्या जुन्या, दाट बर्फात प्रकाश खोल जातो, तांबडा भाग वाटेत शोषला जातो आणि उरतो तो निळा. म्हणजे तो रंग पृष्ठभागावर बसलेला नाही, तो खोलीतून येतो. कॅनव्हासला खोली नाही. सात पट्ट्या जोडल्या की शीडच दिसणार, बर्फ नाही.

ऑर्गंझाचे चार-पाच थर एकावर एक ठेवले की ती खोली आपोआप येते. पण हीट गन धरून सगळं चुरगळवणं म्हणजे आळस, हे मान्य. पॉलिस्टर साधारण 250-260 अंशांना वितळतं. गन त्याच्या बरीच वर तापते, म्हणून ती हलती ठेवायची आणि दूरून सुरुवात करायची. एका जागी थांबलात की आधी आकसतं, मग भोक, मग तपकिरी कडक मणी. पांढऱ्यावर तो मणी विझलेल्या विडीसारखा दिसतो. कड नेमकी हवी असेल तर काचेवर कापड ठेवून बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननं कापा, कड तिथेच सीलबंद होते. कडेला फुगवटा असलेल्या बर्फाच्या गोल चकत्यांना याच्याइतकी चांगली कड कशानंच येत नाही. खिडकी उघडी हवी आणि तोंडाला वाफांचा मास्क, कापडी नव्हे.

आणि टायवेकला (कागदासारखं दिसणारं, न विणलेलं कापड) पॉलिस्टरचा नियम लावू नका. ते पॉलिथिन आहे, 135 अंशांच्या आसपासच आटोपतं. दोन बेकिंग पेपरांमध्ये ठेवून कोमट इस्त्री पुरते.

शिडाचं_कापड

खोलीचा मुद्दा बरोबर, पण त्याला पॉलिस्टर लागत नाही. रेशमी शिफॉनवर मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा पातळ थर पसरा, कोमट साबणाचं पाणी घालून चोळा, मग गुंडाळी करून घोळवा. लोकर शिफॉनच्या जाळीतून आरपार जाऊन आकसते. रेशीम आकसत नाही, त्यामुळे ते उचलून येतं आणि त्याच्या कण्यासारख्या उभ्या सुरकुत्या होतात. बर्फाचे दोन पट्टे एकमेकांवर दाबले गेले की जो वरंबा उठतो तो असाच उठतो. एक थर आकसतो, दुसरा नाही, आणि ताण कुठेतरी बाहेर पडतो. तुमच्या गनच्या सुरकुतीमागे असं काही कारण नसतं.

आकसणं 30 ते 40 टक्के धरा. 90 सेंमी हवे असतील तर 140 ची मांडणी. लोकर जाड पसरली की रेशीम पार बुडतं, दाट विणीचं रेशीम घेतलं की लोकर आत शिरतच नाही आणि वाळल्यावर पापुद्रा सुटून येतो.

काजटाका

तुम्ही दोघं कापडावर भांडताय आणि चित्र दोघांचंही एकच आहे: रिकामा पांढरा विस्तार, त्यात हरवलेले इंग्रज. तो विस्तार रिकामा नव्हता. त्या माणसांचं काय झालं हे 1854 मध्ये शोधप्रवासी जॉन रे यांना इन्युइटांनीच, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनीच, सांगितलं. 2014 मध्ये 'इरेबस' सापडली तीही इन्युइटांच्या तोंडी परंपरेनं दाखवलेल्या भागात. तिथल्या लोकांना वगळून केलेला बर्फ लोकरीचा असो की प्लास्टिकचा, अर्धाच.

शिवणाचं म्हणाल तर त्या प्रदेशात सुई हे जगण्याचं हत्यार होतं. पाणी न शिरणाऱ्या शिवणीत सुई कातड्याच्या अर्ध्याच जाडीतून जाते, आरपार नाही. दोन ओळी, दोन्ही बाजूंनी. दोरा जनावराच्या कंडरेचा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या तंतूंचा, तो ओला झाला की फुगतो आणि भोक बुजवतो. शिडाच्या इंचाला 3 टाक्यांचं कौतुक करण्याआधी हे बघा.

आणि वस्त्रचित्रंच हवीत तर कॅनडातल्या बेकर लेकची बघा. तिथल्या इन्युइट कलाकार जेसी ऊनार्क (1906-1985) यांचं 1973 चं मोठं भित्तिवस्त्र ओटावाच्या नॅशनल आर्ट्स सेंटरमध्ये आहे. या कामाची सुरुवात पार्का (टोपीचे उबदार कोट) शिवून उरलेल्या लोकरी तुकड्यांतून झाली. जाड लोकरी कापडाची पार्श्वभूमी, वर फेल्टच्या (न विणता दाबून केलेल्या लोकरी कापडाच्या) आकृत्या, भोवती आणि आत रंगीत भरतकाम. पुष्कळ कामांत क्षितिजरेषाच नसते. बर्फावर वावरणाऱ्याला क्षितिजाची गरज नाही, ती डेकवर उभं राहून बघणाऱ्याला असते.

करून बघणाऱ्यांसाठी: दाट घोटलेल्या लोकरी कापडाची कड उसवत नाही, ती मोडून शिवायला जाऊ नका, उगाच वळ दिसतो. आकृती थेट कात्रीनं कापा, काज टाक्यानं बसवा, आत साखळी टाका घाला. दोरा ओढून धरलात की आकृतीभोवती वाटीसारखा खळगा पडतो. खूण खडूनं करा, पेनची शाई लोकरीतून जात नाही.

वितळबिंदू

काजटाका, क्षितिजाचं पटलं. पण बाहेरून आलेल्यांची फसगत हाही विषय आहेच, आणि त्याला पारदर्शक कापड लागतंच. 1818 मध्ये ब्रिटिश नौदलाचे जॉन रॉस यांना कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या लँकेस्टर साउंड या सामुद्रधुनीच्या तोंडाशी डोंगररांग दिसली. त्यांनी तिला क्रोकर पर्वत असं नाव देऊन नकाशावर चढवलं आणि परत फिरले. पुढच्याच वर्षी नौदलाचेच विल्यम पॅरी त्याच 'पर्वतां'मधून जहाज घेऊन पार गेले. मृगजळ होतं. हे कॅनव्हासवर टाचून कसं दाखवणार? डोंगर तिथे असायलाही हवा आणि नसायलाही हवा.

घोंगडीवाला

वादात थोडं हवामान घालतो, कारण इथले बरेच जण हे मुंबई-कोकणात भिंतीवर टांगणार आहेत.

लिनन आणि लोकर दोन्ही दमट हवेत पाणी धरतात, पण सारखी हलत नाहीत. चारही बाजूंनी एकमेकांना शिवून टाकलीत तर पावसाळ्यात खालची कड लाटेसारखी होते. थर फक्त वरच्या कडेला पक्के करा, बाकी ठिकाणी हातभर अंतरावर सैल टाके. सुती अस्तर उंचीला 1-2 सेंमी ढिलं ठेवा. 400 ग्रॅमच्या कॅनव्हासचे या आकाराला शिवणी न धरताही 540 ग्रॅम होतात, त्यावर 350 ग्रॅमची लोकर म्हणजे आणखी जवळपास अर्धा किलो, तेव्हा दोन कोपऱ्यांवर टांगू नका. मागे पूर्ण रुंदीची कापडी नळी आणि त्यात लाकडी पट्टी.

बर्फातल्या उघड्या पाण्याच्या भेगांना काळं कापड रंगवत बसू नका. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी मुळातच काळी-तपकिरी असते आणि तिचा खरखरीतपणा गुळगुळीत मेरिनोशेजारी उठून दिसतो. मात्र ही लोकर राठ असते, मेरिनोसारखी साबणात घोळवून एकजीव होईल ही आशा सोडा, ती शिवूनच लावायची. आणि आधी धुवा. घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. ती तशीच राहिली तर सुई अडते आणि किडे येतात ते वेगळंच.

कसर लागली तर तुकडा पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 18-20 अंशांत निदान आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड लोकरीवर दव धरतं. आर्क्टिक फ्रीझरमध्ये ठेवायची वेळ येते ती अशी.

शिडाचं_कापड

घोंगडीची कल्पना उचलतो. काजटाका, जहाज काढून टाकतो. शिवण राहील, जहाज नाही.

पण आकाशाचं कोणीच बोललं नाही. दूरवर बर्फ असेल तर ढगांच्या पोटावर पांढरी झळाळी दिसते, उघडं पाणी असेल तर गडद डाग. खलाशी ते वाचून जहाज वळवायचे. म्हणजे आकाश हा खालच्या बर्फाचा नकाशा. सगळे मात्र वरून खाली एकसारखी निळी छटा रंगवतात. कॅनव्हासला निळीच्या हौदात तुकड्या-तुकड्यानं बुडवून हे होतं: एकच लांब बुडी नको, छोट्या चार-पाच बुड्या, मध्ये हिरव्याचा निळा होईपर्यंत हवा. त्याआधी कॅनव्हास सोड्यात उकळून घ्या, नाहीतर रंग डागाळतो. लोकर त्याच हौदात घालू नका, तीव्र अल्कली तिला खाऊन टाकते.

क्रोकर पर्वतांपुरता पारदर्शक थर मान्य. वरच्या कडेलाच शिवलेला, खालून मोकळा, वाऱ्यानं हलणारा. पण रेशमी ऑर्गंझाचा. तो न उकळलेल्या रेशमाचा असल्यानं अंगचा कडकपणा पुरतो, फक्त साबणात उकळू नका.

वितळबिंदू

चालेल. पण दुकानातून आणल्यावर आधी एक धागा काढून जाळा. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख आली तर तुमचं रेशीम. कडक मणी झाला तर दुकानदारानं तुम्हाला माझ्या बाजूला आणून बसवलं.