ओटचा कोंडा खाऊनही उंदरांचं कोलेस्टेरॉल हललं नाही

कोंड्याचा_मांडा:
एमएस्सीच्या प्रबंधासाठी विस्टार जातीच्या नर उंदरांचे (रॅट) सहा-सहाचे तीन गट केले. एकाला 5 टक्के सेल्युलोज (नुसता चोथा, म्हणजे फायबर), दुसऱ्याला 10 टक्के गव्हाचा कोंडा, तिसऱ्याला 10 टक्के ओटचा कोंडा. बाकी खाद्य एआयएन-93 च्या (प्रयोगातल्या उंदरांच्या ठरलेल्या खाद्याच्या) धर्तीवर. चार आठवड्यांनी रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासलं, तिन्ही गटांत जवळपास एकच आकडा. किट बदलून पुन्हा केलं, तेच! गव्हाच्या गटात लेंड्या मात्र ट्रेभर, आणि प्रथिनांची पचनीयता खाली आली. ओटने कोलेस्टेरॉल उतरतं ना? माझं कुठे चुकलं?

पिपेटवाली:
रक्त उपाशीपोटी घेतलंत का? आमच्याकडे एकाने रात्री खाद्य काढायचं विसरून ट्रायग्लिसराइडचे भलतेच आकडे काढले होते.

कोंड्याचा_मांडा:
हो, रात्रभर उपाशी ठेवले होते.

जुना_पिंजरेवाला:
किटचा दोष नाही. तुमच्या खाद्यात वरून कोलेस्टेरॉल घातलंय का? नसेल तर उतरायला आधी चढलंय कुठे? उंदीर या बाबतीत फार चिवट. त्याचं बरंचसं कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये ('चांगल्या' प्रकारात) असतं, पित्ताशय नसल्याने पित्त सतत झिरपत राहतं, आणि जादा आलेल्याची यकृत पित्ताम्लं (पित्तातली आम्लं) करून बाहेर काढतं. म्हणून लोक साधारण 1 टक्का कोलेस्टेरॉल आणि जोडीला थोडं कोलिक ॲसिड (हेही एक पित्ताम्लच) घालतात. मला ते कोलिक ॲसिड कधीच पटलं नाही. यकृतातला पित्ताम्लं बनवायचा रस्ताच ते दाबतं, आणि ओटची करामत तर त्याच रस्त्याने चालते! ओटमधल्या बीटा-ग्लुकान या विरघळणाऱ्या चोथ्याची आतड्यात चिकट खळ होते, पित्ताम्लं तिच्यात अडकून लेंडीवाटे जातात, ती भरून काढायला यकृत कोलेस्टेरॉल खर्ची घालतं. माझ्या हातात असतं तर मी हॅमस्टर घेतले असते. त्यांना पित्ताशय असतं आणि एलडीएलचा ('वाईट' कोलेस्टेरॉलचा) हिशेब माणसाच्या जवळ जातो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 10 टक्के कोंडा म्हणजे 10 टक्के चोथा नव्हे. गव्हाच्या कोंड्यात चोथा चाळीस टक्क्यांच्या वर, ओटच्या कोंड्यात बऱ्याचदा त्याच्या निम्माही नाही. म्हणजे गव्हाच्या गटाला 4 टक्क्यांच्या वर चोथा मिळाला, ओटच्या गटाला जेमतेम 2. त्यातलं बीटा-ग्लुकान अर्धा-पाऊण टक्का. तुलना कोंड्याची नाही, चोथ्याची करायची असते, आणि कोंड्यासोबत येणारं पिष्ट (स्टार्च), प्रथिन, तेल उरलेल्या खाद्यातून वजा करायचं असतं.

कोंड्याचा_मांडा:
बाप रे. वजावट केलीच नाही. आणि पचनीयतेचं काय?

जुना_पिंजरेवाला:
त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कोंड्यातलं बरंच प्रथिन जाड भिंतीच्या पेशींत कोंडलेलं असतं, ते तसंच बाहेर पडतं. शिवाय लेंडीतला नायट्रोजन म्हणजे नुसतं न पचलेलं अन्न नव्हे, आतड्यातले जिवाणूही त्यात आलेच. चोथा आंबला की ते वाढतात. उंडुकाचं (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीचं) वजन घेतलंय का? आंबणारा चोथा असेल तर उंडुक फुगतं. गव्हाचा चोथा कमी आंबतो, पाणी धरून ढीग वाढवतो.

पिपेटवाली:
पिंजऱ्याच्या तळाला जाळी होती ना? नाहीतर स्वतःच्या लेंड्या खाऊन हिशेबच बिघडवतात.

जुना_पिंजरेवाला:
जाळीने कमी होतं, थांबत नाही. बुडाशी तोंड लावून घेतातच.

कोंड्याचा_मांडा:
जाळी होती. उंडुकाचं वजन आहे, ओटच्या गटात थोडं जास्त. यकृताचे तुकडे उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये आहेत, शेवटच्या तीन दिवसांच्या लेंड्या वाळवून ठेवल्यात.

जुना_पिंजरेवाला:
मग रक्ताचा नाद सोडा. लेंड्यांतली पित्ताम्लं मोजा, यकृतातलं कोलेस्टेरॉलही बघा. उंदरात रक्ताआधी यकृत बोलतं. पण कोलेस्टेरॉल न घातलेल्या खाद्यावर फरक बारीक असेल, हे गाईडना आधीच सांगून ठेवा.

कोंड्याचा_मांडा:
सांगते. लेंड्या कोंडा दळायच्या मिक्सरमध्येच दळल्या तर चालेल?

पिपेटवाली:
नाही!! वेगळा घ्या. आणि मास्क लावा.