मदत हवी आहे: टेबल पुस्तकाला वर ढकलतं, हे कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. भाची नववीत आहे, तिला न्यूटनचे नियम शिकवतेय. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन खाली आणि टेबलाचा आधार वर, यालाच ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी समजत होती. ही दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, जोडीतली बलं मात्र वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. पृथ्वी पुस्तकाला ओढते, तसं पुस्तकही पृथ्वीला ओढतं. एवढं तिला पटलं.

पण तिचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. "निर्जीव टेबलाला किती जोर लावायचा ते कळतं कसं?" १ किलोच्या पुस्तकाला सुमारे ९.८ न्यूटन, त्यावर तसंच दुसरं ठेवलं की लगेच १९.६! मी सांगितलं की लाकूडसुद्धा स्प्रिंगसारखं किंचित दबतं, आतल्या कणांमधली अंतरं बदलतात आणि वजनाइतकं बल तयार होईपर्यंत ते वाकत जातं. फोमवर पुस्तक ठेवूनही दाखवलं. त्यावर ती म्हणाली, "फोम दबलेला दिसतो, टेबल कुठे दबतंय?" रास्त शंका आहे, नुसतं माझ्या शब्दावर तिनं का विश्वास ठेवावा?

टेबलावर आरसा ठेवून लेझरचा ठिपका लांबच्या भिंतीवर पाडायचा, टेबल दाबलं की ठिपका सरकतो, असा एक प्रयोग आहे. कुणी स्वतः केलाय का? आरसा एक पुरतो की दोन लागतात? भिंत साधारण किती लांब हवी? आणि किरण मुलांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून मांडणी कशी केलीत, तेही जरूर लिहा. लेझरशिवाय जमणारा उपाय असेल तर उत्तमच.