पानाच्या कडा पिवळ्या = युरिया कमी, असं नका धरू

कोबीच्या पानांच्या कडा पिवळ्या पडतायत, काय करू असं एकाने ग्रुपवर विचारलंय आणि दोघातिघांनी युरिया टाका म्हटलंय, पण प्लीज थांबा, आधी एक पान तोडून उजेडात धरून बघा. नत्र (नायट्रोजन, युरियातून मिळतं तेच) कमी असेल तर खालची जुनी पानं सगळीच फिकट होतात. इथे कडेपासून मधल्या शिरेकडे निमुळता होत गेलेला पिवळा व्ही दिसत असेल आणि त्यातल्या बारीक शिरा काळ्या पडल्या असतील तर हा घाण्या रोग. जिवाणूजन्य आहे, पहाटे पानाच्या कडेला पाण्याचे थेंब सुटतात ना, तिथल्याच छिद्रांतून तो आत शिरतो म्हणून सुरुवात बहुतेक कडेलाच.

लागलेलं झाड औषधाने बरं होत नाही हो, उपटून शेताबाहेर लांब टाका, तुषार सिंचन (स्प्रिंकलर) बंद करून ड्रिपवर या, आणि दोन-तीन वर्षं तिथे कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी काहीच नको, सगळी एकाच कुळातली.

बियाण्यातूनही येतो हा, म्हणून घरचं बी असेल तर ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात साधारण २५ ते ३० मिनिटं ठेवून लगेच गार करून सुकवा, पण थर्मामीटर लावूनच, अंदाजाने केलं आणि पाणी जास्त तापलं तर उगवणच जाते.