मदत हवी आहे: पोस्टग्रेस स्टँडबाय प्रमोशनच्या टेस्ट सुटसुटीत कशा कराव्यात?

नमस्कार मंडळी,

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मुख्य सर्व्हरची सतत ताजी राहणारी प्रत म्हणजे स्टँडबाय, आणि तिलाच मुख्य सर्व्हर बनवणं म्हणजे प्रमोशन. आमच्या टेस्ट स्क्रिप्ट पोस्टग्रेस ९.६ च्या काळातल्या आहेत. तेव्हा 'पीजी_सीटीएल प्रमोट' ही कमांड प्रमोशन पूर्ण व्हायची वाट न बघताच परत यायची. म्हणून प्रत्येक टेस्टमध्ये प्रमोटनंतर एक लूप आहे: दर सेकंदाला 'पीजी_इज_इन_रिकव्हरी' (सर्व्हर अजून स्टँडबायच आहे का) विचारायचं, 'फॉल्स' आलं की पुढे. असे लूप चाळीसेक ठिकाणी चिकटवलेत, आणि कुठल्यातरी एकाचा टाइमआउट संपून रात्रीचा बिल्ड लाल (म्हणजे नापास) होतो. खरी चूक कुठली आणि नुसता उशीर कुठला, हेच कळेनासं झालंय, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

आता आम्ही १५ वर आहोत. आवृत्ती १० पासून ती कमांड प्रमोशन पूर्ण व्हायची वाट स्वतःच बघते, १२ पासून 'पीजी_प्रमोट' फंक्शनही आहे; दोन्हींची मुदत मुळात ६० सेकंद. मग लूप सरसकट काढावेत का? फंक्शनने 'ट्रू' दिल्यावर लगेच इन्सर्ट करणारी टेस्ट तुमच्याकडे कधी अडखळली आहे का?

दुसरं, प्रमोट झालेल्या सर्व्हरमागे आणखी एक स्टँडबाय आहे. तो नव्या टाइमलाइनवर (प्रमोशननंतर सुरू होणाऱ्या बदलांच्या नव्या क्रमावर) आला हे कसं तपासता? मी सध्या एक ओळ टाकून ती तिकडे दिसेपर्यंत थांबतो. दोन्ही सर्व्हरच्या एलएसएनची (बदलांच्या लॉगमधल्या स्थानाच्या क्रमांकाची) तुलना जास्त भरवशाची ठरेल का? कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा.